टोपीखालचं कपाळ

हो, मी पेनच बोलतोय. माझ्यात शाई नाही, टोपण नाही, कुणाच्या खिशाला लागण्याचं भाग्यही नाही. काळ्या पाटीवर मला फिरवलं की समोरच्या संगणकाच्या पडद्यावर फोटोतली कातडी बदलते. खड्डे भरतात, डाग जातात, रापलेलं उजळतं. ब्राझीलमधल्या जुआझेइरोत, मार्लूसेच्या फोटो स्टुडिओत मी नऊ वर्षं आहे. मी न सजवलेला चेहरा भिंतीवर असलेलं घर या गल्लीत सापडणार नाही. बढाई वाटेल, पण आहे ते आहे.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो मार्लूसेचा हात. तिचा बाप पूर्वी ब्रशानं फोटो रंगवायचा. त्यानं मला चिमटीत धरून हुंगलं आणि म्हणाला, "याला रंगाचा वासच नाही. हा काय रंगवणार?" चार दिवसांनी तोच मार्लूसेच्या पाठीमागे उभा राहून तास न् तास बघू लागला.

आमच्याकडे बैठकीच्या खोलीत नवरा-बायकोचा मोठा फोटो लागतो. जिवंत असो की मेलेला, पुरुषाला कोट-टाय हवाच, मग जन्म बनियनवर का गेलेला असेना. बाईच्या कानात मोती हवेत. आणि दोघांसाठी एकच सांगणं, "थोडं उजळ करा हं." हे मी इतक्यांदा ऐकलंय की गिऱ्हाईक दारात दिसलं, की माझं टोक शिवशिवतं.

एकदा दोना अल्झिरा, म्हणजे अल्झिराबाई, आल्या, सोबत मुलगी इव्होनेते. म्हातारीनं रुमालाची गाठ सोडून टपाल तिकिटाएवढा फोटो काढला. नवऱ्याच्या ओळखपत्रावरचा. रंग विटून नुसता तांबूसपणा उरलेला.

"एवढाच आहे," त्या म्हणाल्या. "अनाक्लेतो गेले त्याला अकरा वर्षं झाली. आताशा त्यांचं तोंड आठवत नाही गं. आवाज येतो, चाल दिसते, तोंड तेवढं येत नाही. ह्यात बघावं तर कुणी तांबडा बाप्या दिसतो."

"रंगानं कसे होते?" मार्लूसेनं विचारलं.

"गुळासारखे. गुऱ्हाळाच्या उसात जन्म गेला."

"गूळ पिवळाही असतो, दोना अल्झिरा."

"काळा गूळ. उगाच शहाणपणा नको."

इव्होनेते हळूच वाकून म्हणाली, "जरा उजळच घ्या. चारचौघांत लावायचाय."

चार दिवस मी राबलो. तांबूसपणा काढला, गालांवर गुळाचा रंग चढवला, इव्होनेतेसाठी किंचित फिका. कपाळावर भुवयांच्या वरपासून केसांपर्यंत एक गोरा पट्टा होता. फोटो तिथं जरा जास्तच विटला असेल, असं मार्लूसेला वाटलं. मलाही तेच वाटलं. मी तो पट्टा गालांच्या रंगात असा मिसळला, की सांधा शोधूनही सापडू नये. मग कोट, मग टाय. इतका गुळगुळीत चेहरा मी आजवर केला नव्हता.

शनिवारी दोघी आल्या. इव्होनेतेचे डोळे भरून आले. "बाबा अगदी कचेरीतले साहेब दिसतायत."

दोना अल्झिरा बराच वेळ बघत राहिल्या. "छान आहेत," त्या म्हणाल्या. "कोण हे?"

"आई, असं काय करतेस? बाबाच आहेत."

"असतील," म्हातारी म्हणाली आणि रिकाम्या रुमालाची घडी घालू लागली. मला फार लाज वाटली. ही बाई भिंत सजवायला आलीच नव्हती. फोटो हा एकच होता. ह्यातूनही नवरा सापडला नाही, तर त्याचं तोंड तिच्यापासून कायमचं जाणार होतं.

मार्लूसेनं जुना फोटो शेजारी मोठा करून लावला. "काय चुकलं ते दाखवा ना."

म्हातारीनं भुवयांवर बोट टेकवलं. "इथून वर ते गोरे होते. उसाच्या फडात डोक्यावरची टोपी कधी उतरली नाही. तू ते पुसलंस, पोरी."

"मला वाटलं, फोटो विटलाय."

"विटलाय कसला? गाल सगळ्या गावानं पाहिले. टोपी मात्र ते घरी येऊन, ताटावर बसताना काढायचे. ते कपाळ मी पाहिलंय."

इव्होनेते म्हणाली, "मग कोटही काढायचा का आता?"

"कोट राहू दे. कोटात बरे दिसतात."

मग मी उलटा चाललो. जन्मात पहिल्यांदा पुसलेलं परत आणत होतो. गाल काळ्या गुळाचे केले, कपाळ उघडं केलं. म्हातारी सांगत होती, "डावीकडे अजून खाली. टोपी कलती घालायचे." मार्लूसेनं मला तसूभर खाली ओढलं.

दोना अल्झिरा पुढे झाल्या. ताप बघतात तसा तळवा त्यांनी पडद्यावरच्या कपाळावर ठेवला आणि म्हणाल्या, "आलात होय? बसा, वाढते."

त्या दिवसाइतका ताठ मी कधीच नव्हतो. आता टोक झिजलंय, कमरेला चिकटपट्टी आहे. लोक फोनवरच एका बोटानं चेहरे गोरे करून आणतात. मला फेकाल तेव्हा खुशाल फेका. पण घरातल्या कुणाचा फोटो उजळायला बसाल, तेव्हा त्या माणसाला ज्यानं रोज ताट वाढलंय, त्याला आधी विचारा.