न पाहिलेला आजार

चैत्र संपत आला होता आणि मिठागरावर कामाची घाई उडाली होती. माजिवड्याच्या पुढे, खाडीला लागून असलेल्या त्या आगरी गावातली माणसं या दिवसांत उजाडायच्या आत बांधावर जात आणि ऊन डोक्यावर आलं की परतत. १९५४ सालच्या त्या सकाळीही गावातली बहुतेक घरं रिकामी होती. दामाजीच्या घरात मात्र दोन बायका मागे राहिल्या होत्या. सून मंजुळा चुलीपुढे भाकऱ्या थापत होती, आणि सासू आवडाबाई मागच्या पडवीत गोणपाटावर, भिंतीला पाठ टेकून बसली होती.

मंजुळाने भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण एका जुन्या ताटलीत वाढलं, ती ताटली पडवीच्या उंबऱ्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. मग आवडाबाईने हात लांबवून ती ओढून घेतली. चार वर्षांची नात तुळसा दाराआड उभी होती. आजीपासून किती लांब उभं राहायचं हे तिला आता सांगावं लागत नव्हतं.

"आजी, तू कवा उठशील?"

"उठंन गो बाय. दोन दिसांत उठंन."

हे दोन दिवस गेले पाच महिने चालले होते.

आवडाबाई बावन्न वर्षांची होती. पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. मार्गशीर्षात भाताचा भारा उतरवताना तिला लुगड्यावर डाग दिसला आणि ती मुकाट्याने पडवीत जाऊन बसली. दामाजीच्या घराण्याकडे गावदेवीच्या पालखीचा मान होता, म्हणून त्या घरात विटाळ जरा जास्तच कडक पाळला जाई. चार दिवसांनी न्हाऊन ती घरात आली. आठव्या दिवशी पुन्हा बाहेर बसली. पौष लागल्यावर तिचं आत येणंच थांबलं.

बाहेर बसलेल्या बाईला 'का बसलीस' म्हणून कोणी विचारत नाही. नवरा विचारत नाही, मुलगा तर नाहीच नाही. सहा वर्षांनंतर हे पुन्हा का सुरू झालं, असा प्रश्न त्या घरात एकाच्याही तोंडून निघाला नाही. तशी रीतच नव्हती. आवडाबाई फडकी धुवायला पहाटे, ओहोटी बघून, खाडीवर जाई, म्हणजे पाण्याबरोबर सगळं निघून जावं आणि कोणाच्या नजरेस पडू नये.

दामाजी काही निर्दय माणूस नव्हता. त्याने आपल्या परीने उपाय केला. तो ठाण्याला डॉक्टर टिपणिसांच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टर गोपीनाथ टिपणीस हे ठाण्यातले जुने डॉक्टर. हाताला गुण होता आणि बोलणं मऊ होतं. खाडीपलीकडच्या गावांतूनही लोक त्यांच्याकडे येत. दामाजी त्यांच्यासमोर उभा राहिला, टोपी हातात घेऊन, नजर जमिनीवर.

"घरान बरा नाय, डाक्तर. बायको."

"काय होतंय त्यांना?"

दामाजीने हातातली टोपी फिरवली. मग म्हणाला, "अंगावरशी जाते."

"वय काय? पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

"ता मना काय ठावं?" दामाजीचे कान लाल झाले होते.

डॉक्टरांनी दौतीत टाक बुडवला आणि तो तसाच धरून ठेवला. बाईला तपासल्याशिवाय या तक्रारीवर औषध द्यायचं नसतं, हे ते कॉलेजात शिकले होते. उतारवयात असं रक्त जाणं म्हणजे काय असू शकतं, तेही त्यांना ठाऊक होतं.

"त्यांना एकदा घेऊन या," ते म्हणाले. पण फार हळू म्हणाले.

"बाईमानूस गडीमानसाला कशी दाखवाची, डाक्तर? ती लाजंन मरंन."

डॉक्टरांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. दवाखान्यात बाई मदतनीस नव्हती, मध्ये पडदा नव्हता, आणि आगरी बाईला तपासलं म्हणून उद्या गावात काय बोललं जाईल ही धास्ती होती. त्यांनी ताकदीचं लाल औषध आणि बारा पुड्या दिल्या. दर पंधरा दिवसांनी दामाजी रिकामी बाटली आणी, आणि डॉक्टर विचारत, "उतार आहे ना?" दामाजी म्हणे, "हाय थोरा." दोघांनाही तेवढंच ऐकायचं होतं.

फाल्गुनात वास येऊ लागला. आधी तो फक्त आवडाबाईला जाणवला. मग शेजारची रखमाबाई पदर नाकाला लावून बोलू लागली. शिमग्याला घरी पाहुणे आले तेव्हा मुलगा पंढरी आईकडे न बघता म्हणाला, "आयस, तू दोन दिस गोठ्यान जाशील काय?" आवडाबाईने गोणपाट उचललं. पाहुणे गेले, पण तिला परत कोणी बोलावलं नाही. चैत्रात उकाडा वाढला तेव्हा गोठ्यात माश्या फार होतात म्हणून मंजुळानेच हट्ट धरला आणि सासूला पुन्हा पडवीत आणलं.

वैशाखात खडवलीला पंढरीच्या चुलत भावाचं लग्न निघालं. सगळं घर निघालं. आवडाबाई जाणार नव्हती हे उघड होतं. तिच्यासाठी मागे कोण राहणार म्हटल्यावर मंजुळा म्हणाली, "मी रेन." कोणी आग्रह केला नाही.

त्या दिवशी सकाळी मंजुळा ताटली घेऊन पडवीत आली तेव्हा आवडाबाई आडवी पडली होती. गोणपाट भिजलं होतं आणि रक्ताचा ओघळ शेणाच्या जमिनीवर आला होता. मंजुळा उंबऱ्यावर थांबली. पाच महिने ती इथेच थांबत आली होती. मग तिने ताटली खाली ठेवली आणि उंबरा ओलांडला.

"मना शिवू नको!" आवडाबाई धडपडून मागे सरली. "घरान देव हाय!"

"देव लग्नाला नाय गेला, आई, पन आपली मानसा गेली. आता मीच हाय."

तिने सासूला काखेत हात घालून उठवलं. किती हलकी झाली होती ती! भाताचा भारा एकटीने डोक्यावर घेणारी ही बाई मंजुळाच्या हाताला एखाद्या रिकाम्या टोपलीसारखी लागली. मंजुळाला तेव्हा फार लाज वाटली. आपण रोज हिला जेवण वाढलं आणि एकदाही हात लावून बघितलं नाही, या विचाराने तिचा चेहरा तापला.

गावात म्हातारा दगडू बैलगाडी घेऊन घरीच होता. भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, मंजुळाने सासूला गाडीत घातलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ठाण्याला नेलं.

डॉक्टर टिपणिसांनी आवडाबाईला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाच महिने जिला औषध दिलं ती ही बाई, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. त्यांनी ताबडतोब माणूस पाठवून विमलाबाईंना बोलावलं. विमलाबाई शिकलेल्या नर्स होत्या, जवळच्याच सूतिकागृहात काम करत. त्यांनी दोन खुर्च्यांमध्ये चादर बांधली, आवडाबाईचा हात हातात घेतला आणि काय करणार आहोत ते तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं. तपासणीला दहा मिनिटंही लागली नाहीत.

डॉक्टर मोरीवर हात धूत राहिले. विमलाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"गर्भाशयाच्या तोंडाशी आहे. पार बाजूपर्यंत पसरलंय. हिला इतके दिवस औषध कोण देत होतं?"

"मी," डॉक्टर म्हणाले.

विमलाबाईंनी नुसता पंचा पुढे केला. बोलल्या असत्या तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं.

ते आत आले आणि आवडाबाईच्या शेजारी स्टुलावर बसले. "आवडाबाई, हे मार्गशीर्षात बघायला हवं होतं. मी दामाजींना म्हटलं होतं. पण तुम्हाला लाज वाटेल, तुम्ही येणार नाही, असं ते म्हणाले, आणि मी…"

आवडाबाईने डोळे उघडले. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं.

"मी आली असती, डाक्तर," ती म्हणाली. "मना दुखत होता. मी चालत आली असती. मना कोनी इचारलाच नाय."

मंजुळा पायाशी उभी होती. तिने खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आवडाबाईला परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात घेऊन गेले. निरोप मिळताच दामाजी आणि पंढरी खडवलीहून थेट तिथे पोचले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की सुरुवातीला आली असती तर रेडियमचे किरण देऊन आशा होती. आता दुखणं कमी करता येईल, एवढंच. पंढरी तिथल्या बाकावर बसला आणि आईला गोठ्यात जायला सांगितलं होतं ते आठवून तोंड झाकून रडला.

दामाजीने बायकोला घरी आणलं. मागच्या दाराने आणलं नाही. पुढच्या दाराने, ओटीवरून, थेट माजघरात नेलं आणि देवाच्या फळीखालीच तिचं अंथरूण घातलं. रखमाबाई म्हणाली, "दामाजीदादा, देव बाटंल." दामाजी म्हणाला, "बाटू दे. मी देवीची मापी मागंन. हिची कशी मागू ता मना कलत नाय."

तो तिला स्वतःच्या हाताने पेज भरवी. तुळसा आजीच्या कुशीत निजे. विमलाबाई आठवड्यातून दोनदा येऊन अंग पुसून देत, दुखणं कमी करणारं औषध देत. भाद्रपदात, घटस्थापनेच्या चार दिवस आधी, आवडाबाई गेली.

तेराव्याला सगळा गाव दामाजीच्या अंगणात जमला होता. डॉक्टर टिपणीसही आले. पंगती उठल्यावर ते उभे राहिले आणि बोलायला लागले. मऊ बोलण्याबद्दल नावाजलेल्या त्या माणसाचा आवाज फुटत होता.

"आवडाबाईंना मी पाच महिने औषध दिलं. एकदाही न बघता दिलं. दामाजी लाजले, तेव्हा त्यांना समजावणं माझं काम होतं. मीही लाजलो. तुम्ही मला मोठा डॉक्टर समजता. त्या बाईला मी न्याय दिला नाही, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून आलो आहे."

म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. कोणाच्या घरी बहीण अशीच गेली होती, कोणाच्या घरी काकी. 'बायकांचं दुखणं' एवढंच म्हणून त्यांना पोचवलं होतं.

"दर सोमवारी विमलाबाई आणि मी इथे येऊ," डॉक्टर म्हणाले. "तपासतील विमलाबाई. मी बाहेर बसेन, त्यांनी हाक मारली तरच आत जाईन. अवेळी रक्त जात असेल, पाणी जात असेल, छातीत गाठ लागत असेल, तर त्या बाईने यावं. दुखत नसलं तरी यावं."

पहिल्या सोमवारी कोणी आलं नाही. दामाजीने आपल्या घराची पुढची खोली झाडून, पडदा लावून दिली होती. विमलाबाई दुपारपर्यंत बसून परत गेल्या. दुसऱ्या सोमवारीही तसंच झालं. गावाला तेराव्याच्या दिवशी लाज वाटली होती खरी, पण ती जुनी लाज तिच्याहून बळकट होती.

तिसऱ्या सोमवारी मंजुळाने केस विंचरले, लुगडं नेसली आणि घराच्या आतल्या दाराने न जाता मुद्दाम बाहेरून, देवळापुढे बसलेल्या गड्यांच्या समोरून चालत पुढच्या खोलीत गेली.

"कनाला चालली गो?" एकाने विचारलं.

"तपासून घेवाला," ती मोठ्याने म्हणाली. "मना काय झाला नाय. झाला तर कलाला पायजे म्हनून चालली."

गड्यांपैकी दोघे उठून निघून गेले. मंजुळा बाहेर आली तेव्हा दाराशी तीन बायका उभ्या होत्या. संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या.

त्यांतली एक गोदूबाई. वय एक्कावन्न. मारुती आगऱ्याची बायको. तिला नुकताच, दोन वेळा, थोडासा डाग दिसला होता. तीही बाजूला बसून, न्हाऊन गप्प राहिली होती. विमलाबाईंनी डॉक्टरांना हाक मारली. तपासणी झाली आणि त्याच आठवड्यात मारुती बायकोला घेऊन परळला गेला. तिथे तिला रेडियम दिलं. महिना-दीड महिन्याने ती घरी आली.

त्यानंतर मारुती एकदा नव्या तांदळाची टोपली घेऊन डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी ती घेतली नाही. "मला देऊ नका," एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या रोग्याला बोलावलं. मारुतीला वाटलं, डॉक्टर फार मानी आहेत.

पुढच्या वर्षी मिठाचा मोसम आला. एका सकाळी दामाजी बांधावरून चालला होता. समोरून गोदूबाई आली. डोक्यावर मिठाची टोपली होती, पाठ ताठ होती. बांध अरुंद, म्हणून दामाजी तिला वाट द्यायला बाजूला उतरला.

"दामाजीदादा, बरा हाव ना?" तिने विचारलं.

"हाय," तो म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवलं नाही. ती बरी झाली याचा त्याला खरोखर आनंद होता, आणि त्या आनंदाच्या पोटात जे होतं त्याने त्याची मान वर होत नव्हती.

गोदूबाई पुढे निघून गेली. दामाजी चिखलात तसाच उभा राहिला. दोघी एकाच वयाच्या, एकाच बांधावर राबलेल्या. दोघींचा आजार एकच होता. एकीकडे सुरुवातीलाच पाहिलं गेलं. दुसरीकडे पाच महिन्यांनी.