मागच्या दारचा जवळा

खाली

"चिमे, जवळा केलास ना? घर नुसतं वास मारत असंल."

फ्रिजवरचा कॅमेरा बोलला. चिमीच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. तिचा नवरा कमलेश जहाजावर ऑइलर, इंजिनाचं तेलपाणी बघणारा. आत्ता मोरिवलीतल्या घरापासून हजारो मैलांवर, चहूकडे पाणी. तिथून त्याला तव्यावरचा जवळा दिसला, आणि वासही आला.

पूर्वी जहाजानं बंदर सोडलं की वीस-वीस दिवस त्याचा पत्ता नसायचा. चिमी काळजीनं देवापुढे दिवा लावायची, हे खरं. पण त्याच दिवसांत ती त्याला न चालणारा सुका जवळा करायची, ताट मांडीवर घ्यायची, बोटं चाटायची. तेवढे दिवस घर तिचं. गेल्या सुट्टीत तो खोलीगणिक कॅमेरा लावून गेला. आता भात किती वाढून घेतला, पदर कुठे गेला, सगळ्याची विचारणा. जेवताना तिला स्वतःच्याच तोंडाची किळस येऊ लागली.

आडवं

चित्र अडकतं म्हणून कमलेशनंच नेटवाल्या समीरला पाठवलं. समुद्रात टॉवर नाही, मग हे पोचतं कसं, असं तिनं विचारलं. समीर खुलला. घरातलं चित्र केबलनं ग्राउंड स्टेशनवर जातं, तिथून वर उपग्रहाकडे. भर समुद्रावर असं स्टेशन कुठून असणार? म्हणून उपग्रहच ते लेझरनं आडवं एकमेकांकडे देत नेतात. जहाजाच्या डोक्यावर जो असेल, तो खाली डिशवर उतरवतो.

"एकदम सिंपल है, वहिनी."

"वास पण जातो का रे?"

"वास कसा जाईल?"

"मग यातलं माझ्या हातात काय?"

त्यानं हसत राउटरचा काळा प्लग दाखवला.

मागे

तो गेल्यावर तिनं प्लग उपटला आणि जेवायला बसली. दुसऱ्या घासालाच शेजारची गोदूबाई फोन घेऊन दारात उभी. "तुझा घरवाला हाय गो. लाइट गेली का इचारतो."

"गोदूबाईकडं पंखा फिरतोय, दिसला मला," फोनमधून कमलेश म्हणाला. "प्लग लाव."

तिनं लावला. फ्रिजवर लाल ठिपका पेटला.

मग ताट उचलून तिनं मागचं दार उघडलं. पलीकडे कारखान्यांचा नाला. त्याच्या घाणीमुळे हे दार चौदा वर्षं बंद होतं; बाहेर कॅमेराही नव्हता. तांबूस पाण्यावर फेस चढला होता. तिनं नाकाला पदर लावला; मग काढला. पायरीवर बसून ताट मांडीवर घेतलं, भाकरी मोडली. जवळ्याचा वास कुठेच येत नव्हता.

तिनं बोटं चाटली.