चादरींच्या गोदामातलं गाणं

मी गाणं बोलतोय. रॉक गाणं. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण मधेच थांबून तुमची समजूत काढायला मला वेळ नाही. लोकांची समजूत काढण्यात माझी बरीच वर्षं वाया गेली आहेत.

माझा जन्म सोलापुरातला, नवी पेठेच्या मागच्या बोळातला. तिथं प्रभुअप्पांचं चादरींचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागं गोदाम. अप्पा म्हणजे कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि पेठेत चार लोकांत मान. त्यांची थोरली लेक शिवानी. तिनं मला जन्म दिला. त्याआधी तिनं कधी गाणं रचलेलं नव्हतं आणि रचायचा विचारही नव्हता. वेळापूरच्या पाहुण्यांनी ती वेळ आणली.

पाहुणे शिवानीला बघायला आले होते. पोहे झाले, चहा झाला, स्वयंपाक येतो का ते विचारून झालं. मग मुलाच्या काकांनी सोफ्यावर मागं रेलून फर्मावलं, "एखादं गाणं म्हण की, बाळ." माणसांची ही एक गंमतच आहे. एरवी मुलगी गायली तर डोळे वटारतात, पण बघायला आले की तिनं गायलंच पाहिजे. शिवानी गायली. तिचा आवाज जाड. म्हणजे तिनं माजघरातून हाक मारली तर रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायचा. गाणं संपल्यावर काका म्हणाले, "आवाज लई जाड हाय की पोरीचा. आमच्याकडं बायका एवढ्या मोठ्यानं बोलत न्हाईत. जरा वळण लावा."

अप्पा कसनुसं हसले. शिवानीनं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची आई काशम्मा दाराआडून दबक्या आवाजात म्हणाली, "सुम्निर."

सुम्निर म्हणजे गप्प राहा. या घरात धंदा मराठीत चालतो, पण पोरांना रागवायचं झालं की कन्नड निघतं. शिवानीनं हा शब्द पाळण्यात असल्यापासून ऐकला असेल. त्या दिवशी मात्र तो तिच्या घशाखाली उतरेना. पाहुणे जिना उतरताच ती गोदामात शिरली, आतून कडी लावली आणि चादरींच्या थप्प्यांकडं तोंड करून ओरडली, "सुम्निर म्हणू नकोस, अव्वा, सुम्निर म्हणू नकोस!"

ती ओळ म्हणजे मी. बाकीची कडवी त्याच संध्याकाळी आली. नाव ठेवायला कुणी आत्या आली नाही, 'सुम्निर' हेच नाव पडलं. पुढं वेळापूरहून नकार आला आणि घरात सुतकी चेहरे झाले. मला विचाराल तर उत्तम झालं.

शिवानीचा मावसभाऊ मल्लेश तेव्हा इंजिनिअरिंगला होता. त्याच्याकडं इलेक्ट्रिक गिटार होती आणि लॅपटॉप होता, अभ्यास सोडून सगळ्याला लागणारा. त्याचा दोस्त सिदू मंद्रूपचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. ड्रमसेट कुणाकडंच नव्हता, म्हणून सिदूनं जत्रेत वाजवायचा घरचा ढोल आणला. गिटार आणि ढोल एकत्र ऐकल्यावर माझ्या अंगात जीव आला. "अक्का, हे काय साधं गाणं न्हाई," सिदू म्हणाला. "हे भांडान हाय." मला फार बरं वाटलं.

स्टुडिओ म्हणजे ते गोदामच. चारी भिंतींना छतापर्यंत चादरींच्या थप्प्या. मल्लेशनं मधोमध उभं राहून टाळी वाजवली, तर टाळी तिथल्या तिथं विरली. "मोठ्या स्टुडिओत भिंतींना फोम लावतात बे," तो म्हणाला, "आपल्याकडं चादरी हायत." दसऱ्याच्या सुमारास माझं पहिलं कडवं रेकॉर्ड झालं. शिवानी तुमच्या कानाला तोंड लावून बोलतेय असा आवाज आला. अप्पा दुकानात गिऱ्हाईकांना सांगत होते, आत माल उतरवायचं काम चाललंय.

मग मल्लेशची परीक्षा आली. ती संपेपर्यंत थंडी पडली, चादरींचा खप वाढला, संक्रांतीला गावची मोठी, गड्ड्याची जत्रा भरली आणि अप्पांचा माल हातोहात गेला. पोरं दुसरं कडवं रेकॉर्ड करायला आली तेव्हा गोदाम रिकामं. आता दुसऱ्या कुणाला शंका आली असती. पण व्यापाऱ्याच्या घरात रिकामं गोदाम ही आनंदाची बातमी असते. "अरे वा, सगळा माल गेला की," म्हणून शिवानी खूश झाली. सिदूला ढोल गळ्यात अडकवून नाचायला जागा मिळाली. सगळे जोशात होते. टाळी वाजवून बघायची आठवण एकालाही झाली नाही.

दोन्ही तुकडे जोडून ऐकले आणि मल्लेश डोकं धरून बसला. निम्मा मी कानाशी होतो आणि निम्मा विहिरीत. पहिल्या कडव्यात आवाजाला चादरींनी धरून ठेवलं होतं, दुसऱ्यात तो मोकळ्या भिंतींवर आपटत होता. "काय करालास बे, रडालास काय?" शिवानीनं विचारलं. मल्लेश म्हणाला, "माल भरला की परत करू. लगेच करू."

हे 'लगेच' मी पुढं इतक्यांदा ऐकलं की त्या शब्दाचा मला राग येतो. माल भरला तेव्हा मल्लेशला पुण्यात नोकरी लागली होती. तो सुट्टीवर आला तेव्हा सिदू मेंढरांमागं कर्नाटकात गेला होता. दोघं सापडले तेव्हा शिवानीला कावीळ झाली होती. मी आपला मल्लेशच्या लॅपटॉपमध्ये. लग्नात, ट्रिपला, कुणाच्या वाढदिवसाला तो मला हळूच ऐकवायचा. लोक म्हणायचे, "लई भारी! कधी येतंय?" तो म्हणायचा, "येतंय, येतंय." यायला मी काय पाटबंधारे खात्याचं पाणी होतो?

एकदा खरंच येणार होतो. पुण्याच्या एका कंपनीनं मला ऐकलं आणि तिघांना बोलावलं. गार खोलीत बसलेले साहेब गोड हसले. "ट्यून मस्त आहे. फक्त मॅडमचा आवाज जरा हेवी वाटतो. आमच्याकडे एक मुलगी आहे, फार गोड गाते. तिच्याकडून गाऊन घेऊ. आणि ते सुम्निर काढू, कुणाला कळणार?"

"सोलापुरात कळतंय की," सिदू म्हणाला.

साहेबांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बाहेर जिन्यात मल्लेश म्हणाला, "हो म्हणू या गं. निदान गाणं बाहेर तरी पडेल."

"गाणं पडेल की," शिवानी म्हणाली. "मी कुठं पडते त्यात?"

शिवानी पुन्हा वर गेली आणि साहेबांना नको म्हणून आली. मला त्या क्षणी टाळ्या वाजवायच्या होत्या, पण गाण्याला हात नसतात. मल्लेश तिला सोलापूरच्या गाडीपर्यंत सोडायलासुद्धा गेला नाही.

त्यानंतर त्यानं एक वेगळाच उद्योग सुरू केला. दुरुस्ती. माझा जोड कळू नये म्हणून तो शिवानीचा आवाज घासायला लागला. पहिल्या कडव्यातला थोडा पातळ कर, दुसऱ्यातला घुमारा थोडा काप, म्हणजे दोन्ही सारखे होतील. वर्षामागून वर्षं तो हेच करत बसला. त्याचा माझ्यावर जीव होता, हे मी कधीच नाकारणार नाही. पण म्हणून काय झालं? वेळापूरच्या काकांना जे जमलं नाही ते माझा सख्खा म्हणावा असा मामा करत होता, तेही लाडानं. मी लॅपटॉपमध्ये आतल्या आत शिव्या देत होतो.

इकडं शिवानीनं दुकानाचा गल्ला सांभाळायला घेतला. लग्न केलं नाही. पेठेत कुजबुज व्हायची, ती ऐकून सोडून द्यायची. मग गेल्या वर्षी तिचा आवाज बसायला लागला. काढे झाले, हळद-दूध झालं, शेवटी डॉक्टर झाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरतंतूवर गाठ आहे. साधी आहे, जिवाला भीती नाही, पण काढावी लागेल. "नंतर आवाज पहिल्यासारखा राहील का?" शिवानीनं विचारलं. डॉक्टर प्रामाणिक होते. ते म्हणाले, "सांगता येत नाही. आणि ऑपरेशननंतर मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

दवाखान्याच्या पायरीवर बसून तिनं मल्लेशला फोन लावला. "मल्लू, गाणं बाहेर सोड आता. आपण गोदामात केलं होतं तसंच."

"थांब की. या महिन्यात मी येतो, एकदा नीट रेकॉर्ड करू. लगेच."

"कुठल्या आवाजात?"

तो चाचरत म्हणाला, "जोड ऐकू येतो गं मधला. लोक हसतील."

"हसू देत. माझा आवाज आता तेवढाच हाय बे."

मल्लेश फोनवर रडला. मी त्याला पूर्ण माफ केलेलं नाही, पण त्यानं त्या दिवशी काम चोख केलं. सगळ्या दुरुस्त्या काढून टाकल्या. शिवानीचा जाड आवाज मला परत मिळाला, जसा होता तसा.

राहिले अप्पा. शिवानीनं त्यांना दुकानातच सांगितलं, "अप्पा, गाणं बाहेर काढणार आहे मी. माझ्या नावानं, आडनावासकट."

अप्पांनी घडी घालत असलेली चादर खाली ठेवली. "आता? या वयात? मला पेठेत तोंड दाखवायचं हाय, बाई. तू आपली गप ऑपरेशन करून ये."

"ऑपरेशन झाल्यावर गपच राहायचंय की," ती म्हणाली. अप्पांनी ती चादर उचलून पुन्हा घडी घालायला घेतली.

ऑपरेशन झालं. शिवानी घरी आली, चार दिवसांनी गल्ल्यावर बसली आणि भर दुपारी, गिऱ्हाईकाची वर्दळ असताना, फोनवर अंगठा टेकवून तिनं मला इंटरनेटवर सोडलं. एवढंच. मला वाटलं होतं आकाश फाटेल. आकाश वगैरे काही फाटलं नाही, समोरच्या साडीवाल्यानं शटरला तेल घातलं. पण मी बाहेर होतो, आणि आता मला आत घालायची कुणाची टाप नव्हती.

संध्याकाळपर्यंत लोक बोलायला लागले. एकानं लिहिलं, "ही बाई गाते की भांडते?" शिवानीनं खाली लिहिलं, "दोन्ही." एकानं विचारलं, "मधेच भिंती पळून गेल्यासारखं वाटतं, काय युक्ती केलीय?" मल्लेशनं अगदी गंभीरपणे उत्तर दिलं, "ठरवून केलंय." सिदू ते वाचून मंद्रूपच्या बाजारात एकटाच हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी तो स्पीकर घेऊन थेट दुकानात आला आणि मला मोठ्यानं लावलं. अप्पा बाहेरून आले. "बंद कर की रे. गिऱ्हाईक हाय."

गिऱ्हाईक म्हणजे गोजरबाई. पोरीच्या लग्नाच्या चादरी घ्यायला खेड्यावरून आलेली. तिनं चादर बाजूला सारली आणि कान दिला. "थांब रं पोरा, बंद करू नगंस. कोन गातंय गं, बाई, हे?"

तिनं शिवानीला विचारलं होतं. शिवानीनं तोंड उघडलं. मला धडकी भरली, कारण एक शब्द गेला असता तरी सगळं ऑपरेशन पाण्यात. तिनं ओठ मिटले. आजवर लोकांनी गप्प बसवलं तेव्हा ती बोलली होती. आज कुणीतरी आपण होऊन विचारत होतं आणि तिला बोलता येत नव्हतं. तिचे डोळे भरून आले. सिदू सांगायला पुढं झाला, तर तिनं हातानं त्याला थांबवलं आणि ती अप्पांकडं बघत राहिली.

"सांग की, बाई. मुकी हाईस का काय?" गोजरबाई म्हणाली.

अप्पा पाठमोरे होते. थप्पीतल्या चादरी उगाच सारख्या करत होते. ते वळले.

"मुकी न्हाई ती," अप्पा म्हणाले. "तीच गातीय. माझी लेक हाय."

हे ते हळू बोलले नाहीत. चार लोकांत जपून बोलणाऱ्या अप्पांचा खरा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली, रस्त्यावरची रिक्षा थांबली. जाड आवाज. अगदी तसाच जाड. शिवानीला तो कुणाकडून आला, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

तर असा मी. मधे जोड असलेला. तुमच्याकडं कुणाचं असंच काही दुरुस्तीसाठी अडवून ठेवलेलं असेल तर कळकळीनं सांगतो, सोडा त्याला. पडलं तर आपल्या पायानं पडेल. शिवानी अजून बोलत नाही. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय, तेव्हा आवाज कसा निघेल ते कळेल. तोवर तिच्या वाटणीचं बोलायचं काम माझ्याकडं आहे, आणि मी ते अंगचोरपणानं करणार नाही.