आभाळाचे पाच चौकोन

स्क्रीनवरच्या ड्रॉपरचं इवलंसं टोक फोटोतल्या आभाळावर टेकलं आणि बाजूच्या रिकाम्या चौकोनात रंग उतरला – राखाडी, किंचित गुलाबी, चहात दूध जास्त झालं की होतो तसा – आणि जॅनीनच्या मनात आलं, घ्या, झालं यांचं काम. फोटो उघडायचा, पाच ठिकाणी टोचायचं, पाच चौकोन ओळीने मांडायचे आणि खाली नावं लिहायची. शिंपला. धुकं. भिजलेली वाळू. मग त्या भिजलेल्या वाळूकडे मान तिरकी करून बघत बसायचं आणि एकमेकांना म्हणायचं, काय खोली आहे… डोंबलाची खोली.

"हाच," खुर्चीमागून लॉकी म्हणाला. लॉकी म्हणजे तिचा बॉस. ऑफिसात अनवाणी फिरणारा, आणि तिला मूल असतं तर त्याच्याच वयाचं असतं. "कसला शांत फोटो आहे गं, जॅनी. कालपासून याच्यावरून नजर हटत नाहीये माझी. कुणी काढलाय?"

"असेल कुणीतरी."

तिनेच काढला होता. किनाऱ्यालगत सुट्टीची घरं भाड्याने देणाऱ्या कुठल्याशा कंपनीला भिंतींसाठी रंग हवे होते, तेही इथल्याच हवेतले, इथल्याच मातीतले – म्हणून लॉकीने सगळ्यांना आपापल्या फोनमधले फोटो एका फोल्डरमध्ये टाकायला सांगितलं होतं. बाकीच्यांनी निवडून निवडून टाकले. तिने मात्र, या पोरखेळासाठी कोण बसतंय निवडत, म्हणून फोनमधलं सगळं ओतलं आणि मोकळी झाली. त्या ढिगाऱ्यातून या पठ्ठ्याने नेमका हाच उपसला.

घराचं मागचं आवार, कुंपण, पलीकडे निलगिरीच्या झाडांची रांग, वर सगळं आभाळ. आणि खाली, कोपऱ्यात, बागेला पाणी घालायचा पाइप धरून उभा असलेला अंगठ्याएवढा माणूस – रॉस, तिचा नवरा. सकाळ वणव्याची होती.

"'शांत सकाळ' म्हणू या?" लॉकी म्हणाला.

"म्हण."

"तीनपर्यंत पाठवून टाक त्यांना. आणि तो माणूस तेवढा काढ ना, मध्येच कडमडलाय."

त्या एका वाक्यापुरता तिला लॉकी जवळपास आवडला.

त्या सकाळी आभाळ लालभडक होतं, पण फोनला लाल आभाळ पटत नाही. त्याला वाटतं, काहीतरी चुकतंय, मग तो आपली अक्कल चालवून लाल काढून घेतो आणि राखाडी हातावर ठेवतो. व्हाइट बॅलन्स. पोटापाण्याचा धंदाच तो, त्यामुळे हे तिला न कळायला काय झालं, पण रॉसला सांगायला जावं तर तो ऐकून घेतो, बिअरचा घोट घेतो आणि म्हणतो, "म्हणजे फोनसुद्धा माझ्या बाजूने का?" दर उन्हाळ्यात, शेजारपाजारचे जमले, सॉसेजेस भाजायला पडली, की तो तिच्याकडे हात पुढे करणार – आण तो फोटो – आणि फोन हातोहात फिरवणार. "हे बघून बाईसाहेब पळाल्या. मी म्हणत होतो, ढगाळ आहे, फार तर छत्री घे." लोक हसणार. हसणारच, घर वाचलं होतं ना. ठिणग्या विझवत, ओली पोती छपरावर टाकत रॉसने ते एकट्याने वाचवलं होतं, आणि वाचलेल्या घरात, ते सोडून पळालेल्या माणसाला तोंड उघडायची सोय नसते. गाडी घेऊन ती समुद्राकडे गेली, रात्रभर वाळूवर बसली, दुसऱ्या दिवशी परतली तेव्हा हा काळाकुट्ट होऊन पायरीवर पाव खात बसलेला. जळलं असतं तर मी शहाणी ठरले असते… हे तिने मनात किती वेळा म्हटलं होतं. म्हणताना लाजही वाटेनाशी झाली होती.

लॉकी सॉसेज रोल आणायला खाली बेकरीत गेला आणि तिने मूळ फोटो उघडला. आज लाल परत आणायचा, छापायचा, संध्याकाळी रॉसच्या ताटाशेजारी ठेवायचा. घे. याला पळाले मी. तुझ्या ढगांना नाही.

स्क्रीनवरची रंगाची पट्टी उजवीकडे सरकली. दुधाळपणा गेला, जर्दाळू आला, मग भोपळा, मग विटकरी… हेच, असंच होतं. आणखी थोडी सरकवली आणि तेही तसंच होतं. आणखी… आता झाडं रक्तात बुडाली होती आणि तरी ती मान डोलावतच होती, हो, हेच. मग मागे आणली, आणि मागचंही खरं वाटलं. हवं तेवढं घाबरता येत होतं. ती स्वतःवर चिडली. रंगाचं कामच करतेस ना तू, मग सांग की कुठे थांबायचं – या लॉकीला तर दोन बेजमधला फरक झोपेत विचार, सांगेल.

काहीतरी पक्कं हवं होतं, त्या सकाळी डोळ्यांनी नीट पाहिलेलं एखादं काहीतरी, म्हणजे त्यावरून बाकीचं लावता येईल. तिने फोटो मोठा केला. कुंपण. पाइप. रॉसची पोहायची चड्डी, पायात रबरी चपला, चड्डीवरून ओघळलेलं पोट… तो आभाळाकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता, एक हात वर. आणि सगळ्यात खाली, आडवा, धूसर काळा पट्टा. हा काय? गाडीच्या दाराचं रबर. काच आत जाते तिथलं.

मी काच खाली केली होती.

धूर डोळ्यांत जात होता, इंजिन चालू होतं, आणि मी काच खाली केली, मागच्या सीटवरून पर्स ओढली, फोन शोधला, आणि तो वळेपर्यंत थांबले. घाबरलेलं माणूस असं करत नाही… मग काय वाटत होतं? आठवायला कष्ट पडले नाहीत, ते वरच पडलेलं होतं. एवढं आभाळ पेटलंय आणि हे ध्यान चड्डीवर, बागेचा पाइप घेऊन. बघा. कुणाला तरी दाखवायलाच काढला होता मी तो. हसू दाबत काढला होता. आणि मग गाडी वळवताना काय मोकळं वाटलं होतं, की आता याच्याकडे परत बघायला नको, आता हा संसार आपोआपच सुटेल.

"निघाला का तो माणूस?" लॉकी दारात होता, हातात तेलकट पिशवी.

ती त्याला काहीतरी लागेल असं बोलायला गेली. नेहमी जिभेवर तयार असायचं. आज तिने फोटोच आणखी मोठा केला.

"थांब जरा," ती म्हणाली.

काळा पट्टा लपलेला नव्हता. एकदा दिसला की दुसरं काही दिसत नव्हतं. आणि हा फोटो तिच्यापेक्षा जास्त कुणी पाहिला असेल तर तो रॉसने. दर उन्हाळ्यात हातात धरून, मोठा करून लोकांना दाखवताना त्याचं बोट नेहमी वर, आभाळावर असायचं. काचेबद्दल तो कधी एक शब्द बोलला नव्हता. दिसली नसेल? की दिसली होती, पहिल्याच दिवशी, पायरीवर पाव खाताना, आणि तिने ती का खाली केली तेही कळलं होतं… इतकी वर्षं चारचौघांत तो तिला भित्री म्हणत आला होता. फक्त भित्री.