मैनाच्या सहा चौकटी

शके १८५६, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. स्थळ नाशिक, पंचवटीतील एक धर्मशाळा. त्या सकाळी एका ज्ञातीचे पंच मैनाचा निवाडा करण्यासाठी तेथे जमले. प्रश्न एकच होता: वाळू या आपल्या नवऱ्याच्या माराला विटून माहेरी आलेल्या मैनाने पुन्हा नांदायला जावे की नाही. नियम असा होता की, पंचांपुढे स्त्रीने बोलू नये. तिच्या वतीने घरच्या पुरुषाने बोलावे. तिचे वडील हयात नव्हते. मामा चिमाजी मनाने निर्मळ. परंतु चारचौघांत उभा राहिला की त्याची जीभ जड होई.

म्हणूनच मैना दिवाळीनंतर भद्रकालीत निसारकडे गेली होती. निसार दुकानांच्या पाट्या रंगवी आणि एका साप्ताहिकासाठी हास्यचित्रे काढी. आपली हकीकत एका मोठ्या कागदावर, ओळीने सहा चौकटींत काढून द्यावी, असे तिने त्याला सांगितले. त्याने काढलेल्या कच्च्या चित्रात ती गुडघ्यांत डोके घालून रडत होती. तिने ते परत केले. अश्रूंवाचून पंचांना दया येणार नाही, असे त्याने परोपरीने समजावले.

"दया कोण मागतंय, निसारभाई? मला रडताना काढू नका. त्याला हसण्याजोगा काढा."

"मारणाऱ्या माणसात हसण्याजोगं काय असतं, बाई?"

तेव्हा तिने सांगितले: हात उगारण्यापूर्वी वाळू डोक्यावरची टोपी काढतो, तिच्यावरची धूळ फुंकतो, घडी मोडणार नाही अशा बेताने ती खुंटीवर ठेवतो, आणि मग मारतो. निसारने कोरा कागद पुढे ओढला.

निवाड्याच्या सकाळी तो कागद चिमाजीने धर्मशाळेच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकला आणि एक शब्दही न बोलता तो खाली बसला. चौकटीगणिक टोपी मोठी होत गेली होती आणि गाल फुगवून फुंकर घालणारा, मग हात उगारणारा वाळू लहान. सहाव्या चौकटीत टोपी खुंटीवर देव्हाऱ्यातल्या देवासारखी विराजमान होती, वाळू उंदराएवढा उरला होता. मैना मात्र साऱ्या चौकटींत ताठ उभी राहून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत होती.

आधी एक पंच हसला, मग सगळेच. वाळूची टोपी सर्वांच्या ओळखीची होती. "अरे, आज खुंटी कुठाय तुझी?" मागून कोणीतरी विचारले.

वाळू कागद फाडण्यासाठी संतापाने उठला. उठला, आणि प्रथम त्याने टोपी काढली, तिच्यावर फुंकर घातली आणि शेजाऱ्याच्या हाती जपून दिली.

हसणे थांबले. मैना उठून चित्राला पाठ लावून उभी राहिली. वाळूचा चुलता मंगळू तावातावाने म्हणू लागला की, चित्र काढवून घेणे म्हणजे बोलणेच होय. नियम मोडला आहे, पोरीने आपल्या हाताने कागद फाडावा आणि पंचांचे पाय धरावेत. मैना जागची हलली नाही. मुख्य पंच पुंजाबा यांनी मंगळूला सारे बोलू दिले.

"तिच्या तोंडून आम्ही एक शब्द ऐकला नाही," ते म्हणाले. "जे पाहायचं ते वाळूनंच दाखवलं. मैना नांदायला जाणार नाही."