लोणच्याचा दगड

“आजोबा, हात नका लावू. रंग ओला आहे.”

तात्सुजी मोरिवाकींनी हात मागे घेतला. बोटाच्या टोकाला पांढरा रंग लागला होता. दगडावर नुकताच ठळक केलेला आकडा होता, उत्तर २१४.

भूकंपात किल्ल्याची उत्तरेकडची भिंत कोसळली, त्याला सहा वर्षं झाली होती. पडलेले दगड खालच्या मैदानात ओळींनी मांडले होते. जुन्या फोटोंशी ताडून प्रत्येक दगड त्याच्या मूळ जागी परत बसवायचा, असा नियम होता. महिन्यातल्या एका रविवारी लोकांना हे काम बघता येई. मोरिवाकी ब्याऐंशी वर्षांचे होते. यायचं यायचं म्हणत ते आज पहिल्यांदाच आले होते.

“ही भिंत बाबांनीच दुरुस्त केली होती, पंचावन्न वर्षांपूर्वी,” त्यांची मुलगी फुसाए म्हणाली. “शहराचं मानपत्र आहे. बैठकीत लावलंय.”

“त्यांना कामं आहेत, फुसाए.”

“नाही हो, बरे भेटलात,” हेल्मेट घातलेली इंजिनियर म्हणाली. तिचं नाव कुवाहाता. “हा दगड दोन वर्षं मला छळतोय. पडताना तुटला आणि मागचा तुकडा काही सापडत नाही. दर शनिवारी वेगवेगळे तुकडे लावून बघते. आमचे साहेब म्हणतात, तू आता लग्नं जुळवायचंच दुकान टाक.”

फुसाए हसली.

भिंतीत दगडाचं तोंड तेवढं दिसतं. खरी लांबी आत असते, आणि भिंत त्या लांबीवर उभी असते. शेजारच्या दगडांची लांबी ऐंशी सेंटिमीटरच्या खाली नव्हती. हा बावन्न भरत होता.

मोरिवाकी दगडाच्या मागच्या बाजूला गेले. वाकून बराच वेळ बघत राहिले.

“शोधू नका,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“पडताना नाही तुटला. मी तोडला.”

कुवाहाताने हातातली वही मिटली.

“मागे एक दगड आडवा येत होता. तो काढायचा तर आधी लावलेली रांग उतरवावी लागली असती. दोन दिवस मोडले असते. आमचे उस्ताद आजारी, काम माझ्यावर, आणि परवा महापौर बघायला येणार. जेवणाच्या सुट्टीत पाचरी ठोकल्या नि शेपूट उडवलं. तोंडाकडून काही कळत नव्हतं.”

“आणि तो तुकडा?”

मोरिवाकींनी मुलीकडे पाहिलं. “तुझ्या आईला मुळ्याच्या लोणच्याचं झाकण दाबून धरायला दगड हवा होता.”

“पिंपावरचा?” फुसाए म्हणाली. “बाबा, तो नदीतला आहे असं तुम्ही सांगितलं होतंत. आईलासुद्धा.”

“हो.”

फुसाएने पर्समधून किल्ली काढली. गाडी घेऊन घरी गेली आणि पाऊण तासाने परत आली. टॉवेलात गुंडाळलेला दगड दोघींनी मिळून उतरवला. तो चहासारखा तांबूस झाला होता. त्याला मुळ्याचा आणि आंबलेल्या कोंड्याचा वास येत होता. कुवाहाताने तो उत्तर २१४च्या पाठीला टेकवला, किंचित फिरवला. तो बसला. फटीत नख जात नव्हतं.

“आता जोडता येईल?” फुसाएने विचारलं.

“नाही. पंचावन्न वर्षांचं मीठ मुरलंय यात. ओल लागली की विरघळणार, वाळलं की स्फटिक धरणार. दगड आतून फोडतं ते. या जागी नवा दगड घडवावा लागेल.” तिने वही पुन्हा उघडली. “आणि नोंदीत कारण लिहावं लागेल.”

“लिहा,” मोरिवाकी म्हणाले. “नावासकट लिहा.” मग त्यांनी विचारलं, “भिंत इथूनच सुटली का?”

कुवाहाताने मैदानातल्या ओळींकडे पाहिलं. “चारशे दगड एकदम खाली आले. पहिला कुठला, ते कळायला मार्ग नाही. मला हो म्हणता येत नाही, आणि नाहीही म्हणता येत नाही.”

मोरिवाकींनी मान हलवली. टोपी काढून ते दगडापुढे वाकले. दोन्ही तुकडे तिथेच राहिले.

घरी पोचेपर्यंत चार वाजले होते. फुसाए थेट मागच्या पडवीत गेली.

“मानपत्र काढून ठेवू का?” तिने तिथूनच विचारलं.

“तू ठरव.”

पडवीतून पिंपाचं झाकण हलवल्याचा आवाज आला.

“ते नंतर बघू. इथे झाकण वर आलंय. मुळे उघडे पडले तर नासतील. काहीतरी जड बघते. तांदळाची पिशवी चालेल का?”

“चालेल.”

ती माळ्यावर गेली. मोरिवाकी पडवीत आले, पिंपाशी गुडघे टेकून बसले. दोन्ही तळवे लाकडी झाकणावर ठेवून त्यांनी अंगाचा भार टाकला. बोटावरचा पांढरा रंग वाळला होता. झाकण हळूहळू खाली गेलं आणि कडेने पाणी वर आलं.