कुलपाआधीची चाल

दादाने मंडळावर सूचना लावली तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता. बधिर व्हायला पाच मिनिटं लागणार, म्हणून त्यांनी सहज फोन उघडला, आणि त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं.

सूचना साधी होती. बुद्धिबळप्रेमींच्या त्या ऑनलाइन मंडळावर जुने धागे, म्हणजे जुन्या चर्चा आणि डाव, फार झाले होते. कुणीतरी नवखा येतो, कधीच्या काळच्या वादात उडी घेतो, मंडळ सोडून गेलेल्या माणसाशी भांडत बसतो. फुकट्या जाहिरातवाल्यांना तर जुने धागे म्हणजे मोकळं रान. तेव्हा वर्षभर हालचाल नसलेल्या प्रत्येक धाग्याला कुलूप लावावं, उगाच मढी उकरू नयेत, असं मंडळाचे संस्थापक ‘सेनापती’ यांचं म्हणणं होतं. सभासदांनी आठवड्यात मत द्यावं.

सेनापती म्हणजे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, बाईंचा सख्खा थोरला भाऊ. बाई स्वतः मंडळावर ‘अक्कलदाढ’ या नावाने वावरत. ही दोघं भावंडं आहेत याचा तिथे कुणाला पत्ता नव्हता. आणि वर्षभर हालचाल नसलेल्या धाग्यांमध्ये एक धागा या दोघांच्या डावाचा होता. चाल सेनापतींची होती. सेनापती हरत होते.

आता दादाची कुंडली सांगायला हवी. लहानपणापासून तो धाकट्या बहिणीशी एकही डाव हरला नव्हता, कारण हरणारा एकही डाव त्याने पुरा होऊ दिला नव्हता. हरायची वेळ आली की त्याचा गुडघा पटाला लागायचा, मांजर यायचं, नाहीतर एकदम अभ्यासाची आठवण व्हायची. मोठेपणी मांजराची जागा फोनने घेतली. रडीचा डाव खेळण्यात या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणून तर बाईंनी त्याला त्याच्याच मंडळावर डाव मांडायला ओढलं होतं. तिथला पट उधळता येत नाही, असं त्यांना वाटलं होतं. गुडघ्याऐवजी दादा नियमच आणील हे बिचारीच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांना आयुष्यात दादाशी एक डाव जिंकायचा होता. फक्त एक, पण शेवटपर्यंत खेळलेला. साठी जवळ आली तरी ही हौस फिटली नव्हती, आणि आता तिला कुलूप लागणार होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तावातावाने विरोध लिहायला घेतला. त्यांच्या आधीच एका बेकरीवाल्याने लिहिलं होतं की सात वर्षं जुन्या धाग्याने त्याला उंटाचा सापळा शिकवला, आणि तिथेच आभार मानता आले याचं त्याला फार अप्रूप आहे. एका निवृत्त मास्तरांना मात्र कुलूप हवंच होतं. त्यांच्या एका जुन्या वाक्यावरून अजून दर महिन्याला कुणीतरी त्यांची अक्कल काढत होतं. बाईंना दोघांचंही पटलं. मग त्या थांबल्या. दात काढायचा की वाचवायचा हे त्या कधी दाताचं वय बघून ठरवत नसत, आणि धाग्यांनाही हेच लागू होतं. लिहिलेलं सगळं पुसून त्यांनी नवं लिहिलं.

सेनापतींच्या सूचनेला त्यांचा पाठिंबा होता, फक्त एक दुरुस्ती हवी होती. धागा जुना झाला म्हणून नको, संपला म्हणून कुलूप लावावं, आणि संपला की लगेच लावावं. ज्याचं उत्तर बाकी आहे त्याला पंधरा दिवसांची सूचना जावी. डावाच्या धाग्यावर तेवढ्यात चाल आली नाही, तर ज्याची चाल तो हरला.

मास्तर खूश झाले, बेकरीवालाही खूश झाला. दुरुस्ती दणदणीत मतांनी मंजूर झाली. सेनापतींना दुरुस्तीला विरोध करायचा असता तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तर सांगण्यासारखं नव्हतं. आपलेच दात आपलेच ओठ. पहिली सूचना त्यांनाच गेली.

चार दिवसांनी वहिनींचा फोन आला. “वन्सं, काय केलंत हो माझ्या नवऱ्याला? ताटावर बसतात आणि पोळीचे तुकडे ताटात इकडून तिकडे सरकवत राहतात.”

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दादाची चाल आली, आणि ती पाहून बाईंना घाम फुटला. त्याने आपला उरलेला एकुलता हत्ती थेट त्यांच्या राजाशेजारी आणून शह दिला होता. हत्ती फुकट होता. पण तो खाल्ला की दादाकडे एकही चाल उरत नव्हती. राजा कोंडलेला, प्यादी अडकलेली, आणि शह तर नाही. नियमाने डाव बरोबरीत. म्हणजे माणूस वर्षभर नुसता तोंड लपवून बसला नव्हता. बाईंना राग आला, आणि रागाच्या मागोमाग अभिमानही वाटला.

त्यांनी राजा बाजूला घेतला. दादाने पुन्हा शह दिला. पुन्हा राजा, पुन्हा हत्ती. मेलेला म्हणून पुरायला काढलेला तो धागा मंडळावर सगळ्यात जिवंत झाला. मास्तर सकाळी उठून आधी तोच उघडत, बेकरीवाला भट्टीवरून शेरे टाकत होता. हत्ती पिसाळल्यासारखा राजाच्या मागे लागला होता, आणि बाई राजाला एकेक घर हळूहळू आपल्या घोड्याकडे नेत होत्या. कशासाठी, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. दादाच्याही नाही.

शनिवारी दादाने पुन्हा शह दिला. बाईंनी हातमोजे काढले, पट तीनदा तपासला आणि घोडा मधे घातला. घोड्याने शह अडवला, उलट स्वतःचा शह दिला, आणि तो हलल्यामुळे मागे दबा धरून बसलेल्या उंटाचाही शह लागला. दुहेरी शह. त्यावर उत्तर एकच, राजा हलवणं, आणि राजाला हलायला घर नव्हतं.

खाली त्यांनी दोनच अक्षरं लिहिली. मात.

दादा लगेच लिहायला लागला. ‘सेनापती लिहीत आहेत’ असं बराच वेळ दिसत राहिलं. तब्येत, चष्मा, घाई, काय काय लिहीत होता देव जाणे. पण त्याच्याआधी मास्तरांचा सवाल आला, दुसऱ्या धाग्यावर, सर्वांसमक्ष: डाव संपला, मग नियमाप्रमाणे कुलूप कुठाय? बेकरीवाल्याने अनुमोदन दिलं, मागोमाग आणखी वीसेक जणांनी. मंडळाच्या किल्ल्या एकट्या सेनापतींकडे होत्या. लिहिणं थांबलं, आणि धाग्याच्या डोक्यावर कुलूप दिसू लागलं. त्या ‘मात’च्या खाली आता जगात कुणालाही काही लिहिता येणार नव्हतं.

मग फोन वाजला. बाईंनी पेशंटला खूण करून थांबवलं आणि फोन घेतला. 

“छोटे,” दादा म्हणाला, “हरलो गं मी.”

बाईंनी या क्षणासाठी किती टोमणे जपून ठेवले होते. त्यातला एकही आठवेना. हसू मात्र आवरेना.

“परत म्हण,” त्या म्हणाल्या.

त्याने परत म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने, आणि मागून वहिनींच्या टाळ्या ऐकू आल्या.